त्रिकोणातली लढाई, चौकटीतली लढाई: ग्रीक मंदिरांवरची युद्धशिल्पे कशी पाहावीत

प्राचीन ग्रीक मंदिर हे भाविकांनी आत जमण्याचे ठिकाण नव्हते. गाभाऱ्यात देवतेची मूर्ती असे आणि तिला वाहिलेल्या मौल्यवान वस्तू असत. पण पशुबळी आणि आहुती ज्या वेदीवर दिल्या जात ती वेदी मंदिराबाहेर, बहुधा पूर्वेकडे, उघड्या आकाशाखाली असे आणि सारा उत्सव तिच्याभोवतीच पार पडे. उत्सवाला आलेल्या माणसाच्या नजरेसमोर दिवसभर राही ते मंदिराचे बाहेरचे रूप. म्हणूनच ग्रीक शिल्पकारांची कितीतरी उत्तम कामे मंदिराच्या बाहेरच्या अंगाला, खांबांच्याही वर, छपराला लागून बसवलेली आढळतात. तिथे त्यांनी पुन्हा पुन्हा जो विषय निवडला तो म्हणजे लढाई. कुठे देव दैत्यांशी लढतात, कुठे माणसे अर्ध्या घोड्याच्या देहाच्या सेंटॉरांशी, कुठे ग्रीक वीर ॲमेझॉन नावाच्या योद्ध्या स्त्रियांशी, तर कुठे ट्रॉयच्या सैन्याशी.

ही शिल्पे आज संग्रहालयांत, डोळ्यांच्या पातळीवर, तुकड्यातुकड्यांनी पाहायला मिळतात. त्यामुळे आपण थेट कथेकडे वळतो: हा कोण, तो कोण, कोण जिंकले. माझ्या मते सुरुवात त्याच्या आधीच्या प्रश्नापासून करायला हवी. हे शिल्प मंदिराच्या नेमक्या कोणत्या जागेवर होते आणि त्या जागेचा आकार कसा होता, हा तो प्रश्न. लढाई कशी सांगायची हे शिल्पकाराला बऱ्याच अंशी त्या आकाराने ठरवून दिलेले असे. थोर शिल्पकारांनी त्या बंधनातूनच लढाईचा अर्थ घडवला.

अशा मुख्य जागा तीन आहेत. ग्रीक मंदिराचे छप्पर दोन्ही बाजूंना उतरते असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या दर्शनी बाजूंना, खांबांच्या वर, एक बुटका पण खूप रुंद त्रिकोण तयार होतो. त्याला पेडिमेंट म्हणतात. त्याच्या खाली, खांबांवर टेकलेल्या आडव्या तुळईच्या वर, डोरिक शैलीच्या मंदिरात एक पट्टा असतो. त्यात तीन उभ्या पट्ट्यांचा एक ठोकळा, मग एक चौकोनी फरशी, मग पुन्हा ठोकळा असा क्रम मंदिराभोवती फिरतो. ठोकळ्याला ट्रायग्लिफ म्हणतात आणि मधल्या चौकोनी फरशीला मेटोप. मंदिरे लाकडाची असताना आडव्या तुळयांची जी टोके दिसत त्यांची आठवण ट्रायग्लिफांत उरली आहे, असे सामान्यतः मानले जाते. आयोनिक शैलीत मात्र ठोकळे नसतात, सलग पट्टा असतो. तो फ्रीझ.

आता या तीन जागांवर लढाई कोरायची आहे अशी कल्पना करावी. मेटोप लहान आणि जवळजवळ चौरस असतो, त्यात दोन किंवा फार तर तीन आकृत्या मावतात. म्हणून मेटोपमधली लढाई द्वंद्वाच्या रूपात येते. फ्रीझ लांबच लांब असतो, तिथे गर्दी, धावपळ, रथ, पळणारे आणि पाठलाग करणारे असा एकातून एक निघणारा ओघ दाखवता येतो. खरी पंचाईत पेडिमेंटची. मध्यभागी भरपूर उंची आणि दोन्ही टोकांना निमुळते होत जाणारे कोपरे, ज्यांत उभा माणूस कोणत्याही प्रमाणात बसत नाही.

ही पंचाईत किती जुनी आहे ते कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या मंदिरात दिसते. चुनखडीच्या दगडात साधारण इ.स.पू. 580च्या सुमारास घडवलेल्या या पेडिमेंटच्या मध्यभागी सुमारे तीन मीटर उंचीची, जीभ बाहेर काढलेली, कमरेला सापांचा विळखा असलेली मेडूसा ही राक्षसी धावते आहे. तिच्या दोन्ही बाजूंना तिची अपत्ये आणि दोन मोठे श्वापद आहेत. आणि त्याही पलीकडे, कोपऱ्याकडे, एका शत्रूवर वज्र उगारणारा झ्यूस आहे. देवांचा राजा असलेला हा झ्यूस मेडूसाच्या पुढे अगदी लहान दिसतो, कारण त्याच्या वाट्याला आलेली जागाच तेवढी होती. प्रत्येक आकृती आपापल्या परीने प्रभावी आहे, पण सगळ्या मिळून एक घटना होत नाही.

यावर ग्रीकांनी शोधलेला उपाय मला फार बुद्धिमान वाटतो. सगळ्या आकृत्या एकाच प्रमाणात ठेवायच्या आणि तरीही त्यांची उंची टोकांकडे कमी करत न्यायची, तर अशी घटना हवी की जिच्यात माणसे स्वाभाविकपणेच वेगवेगळ्या उंचीवर असतात. लढाई नेमकी तशीच असते. मध्यभागी देवता ताठ उभी, तिच्या बाजूला वार करणारे योद्धे पाय फाकवून वाकलेले, त्यांच्या पलीकडे गुडघा टेकून बाण सोडणारा तिरंदाज, आणि शेवटी कोपऱ्यात जमिनीवर कोसळलेला जखमी. ग्रीकांनी लढाया कोरल्या त्यामागे धर्म, राजकारण आणि अभिमान ही कारणे होतीच. पण लढाई हा विषय या त्रिकोणात जसा चपखल बसतो तसे फार थोडे विषय बसतात, हेही एक कारण धरले पाहिजे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अथेन्सजवळच्या एजिना बेटावरचे अफेया देवीचे मंदिर. त्याच्या दोन्ही पेडिमेंटांवर ट्रॉयच्या लढाया आहेत, पण त्या एकाच युद्धातल्या नाहीत. पूर्वेकडे ग्रीक पुराणांतला महाबली वीर हेराक्लिस आणि टेलामोन यांनी ट्रॉयचा राजा लाओमेडोन याच्यावर केलेली जुनी स्वारी आहे, तर पश्चिमेकडे होमरच्या काव्यामुळे प्रसिद्ध झालेले नंतरचे युद्ध. ट्रॉयच का, याचे उत्तर स्थानिक आहे. टेलामोन हा एजिनाचा पुराणकालीन राजा आयाकोस याचा मुलगा आणि दुसऱ्या युद्धातला महावीर एजॅक्स हा टेलामोनचा मुलगा. आपल्या बेटाच्या वंशाने ट्रॉयविरुद्ध दोन पिढ्या पराक्रम गाजवला, हे एजिनाच्या लोकांनी आपल्या देवीच्या मंदिरावर संगमरवरात सांगून ठेवले. दोन्ही त्रिकोणांच्या मध्यभागी युद्धाची आणि बुद्धीची देवी अथेना आहे.

या मंदिराचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. पश्चिमेची शिल्पे थोडी आधीची आणि पूर्वेची थोडी नंतरची मानली जातात. अंतर फार तर दहा-वीस वर्षांचे, इ.स.पू. 500 ते 480च्या आसपासचे. तेवढ्या अवधीत ग्रीक शिल्पकलेत काय घडले ते कोपऱ्यांतले दोन मरणारे योद्धे शेजारी ठेवून पाहिले की कळते. पश्चिमेचा योद्धा एका कोपरावर रेललेला आहे, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला, आणि दुसऱ्या हाताने तो छातीत रुतलेला बाण ओढून काढत होता. तो धातूचा बाण आता नाही. त्याचे तोंड आपल्याकडे वळलेले आहे आणि ओठांवर त्या काळच्या शिल्पांत नेहमी आढळणारे मंद स्मित आहे. मरण त्याला आले आहे, पण त्याच्या देहाला ते अजून कळलेले नाही. हा आपल्याला दाखवण्यासाठी मांडलेला योद्धा आहे.

पूर्वेचा योद्धा वयाने मोठा, दाढीवाला आहे. तो पडतो आहे, पण त्याचा डावा हात अजून ढालीच्या पट्ट्यात अडकलेला आहे, त्यामुळे त्याचे सारे वजन त्या ढालीच्या कडेवर आले आहे. मान खाली झुकली आहे, नजर जमिनीकडे आहे, धड पिळवटलेले आहे आणि उजव्या हाताने तो स्वतःला सावरू पाहतो आहे. तो आपल्याकडे पाहत नाही. त्याला आपली दखलच नाही. कोपऱ्याच्या उताराने त्याला खाली दाबल्यासारखे वाटते आणि जागेची अडचण इथे त्याच्या मरणाचाच भाग होऊन जाते. कॉर्फूच्या झ्यूसला ज्या कोपऱ्याने छोटे केले, त्याच कोपऱ्याने या योद्ध्याला त्याचे वजन दिले.

या शिल्पांची पुढची कहाणी थोडक्यात सांगायची तर, 1811 साली काही तरुण ब्रिटिश आणि जर्मन वास्तुअभ्यासकांनी ती उकरून काढली, बव्हेरियाचा युवराज लुडविग याने ती विकत घेतली आणि म्युनिकच्या ग्लिप्टोथेक या संग्रहालयात ती आजही आहेत. तिथे नेण्याआधी डेन्मार्कचा शिल्पकार थोरवाल्डसेन याने रोममध्ये त्यांचे हरवलेले हातपाय आणि चेहरे नव्या संगमरवरात पुरे केले होते. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ही सगळी भर काढून टाकण्यात आली. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले असे मला वाटते.

एजिनाहून पुढचे पाऊल ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरात पडले. हे मंदिर इ.स.पू. 470 ते 457च्या सुमारास लिबोन नावाच्या स्थानिक वास्तुकाराने बांधले. त्याच्या पश्चिम पेडिमेंटवर लॅपिथ आणि सेंटॉर यांची लढाई आहे आणि युद्धशिल्पांपैकी एकच पाहायचे झाले तर मी हेच पाहायला सांगेन.

कथा अशी की थेसली प्रांतात लॅपिथ नावाच्या लोकांचा राजा पिरिथोस याचे लग्न होते. शेजारच्या डोंगरांत राहणारे सेंटॉर नात्यातले म्हणून आमंत्रित होते. ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी मिसळून पीत. सेंटॉरांना त्याची सवय नव्हती. नशा चढली आणि त्यांनी भर मांडवात नवरीवर आणि इतर स्त्रियांवर हात टाकला. पिरिथोस आणि त्याचा मित्र, अथेन्सचा राजा थीसियस, यांनी लॅपिथांसह त्यांच्याशी झुंज घेतली. ही रणांगणावरची लढाई नाही, घरातली आहे. पाहुण्याने यजमानाचा विश्वास मोडला आहे, आणि पाहुणचाराच्या नात्याचा रक्षक देव ग्रीकांच्या दृष्टीने झ्यूसच होता. त्याच्या मंदिरावर ही कथा का, याचे एक उत्तर यातच आहे.

पेडिमेंट सुमारे 26 मीटर लांब आणि मध्यभागी तीन मीटरहून थोडे अधिक उंच आहे. त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांत गुंतलेल्या आकृत्यांचे गट आहेत. एका सेंटॉरने नवरीला कवटाळले आहे. तिने कोपराने त्याचे डोके मागे रेटले आहे. दुसरीकडे एका लॅपिथ तरुणाने सेंटॉरच्या गळ्याला हाताचा विळखा घातला आहे आणि तो सेंटॉर त्याच हातात दात रोवतो आहे. इथे जवळून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे चेहरे. चावणाऱ्या सेंटॉरचा चेहरा आक्रसलेला आहे, त्याच्या कपाळावर खोल आठ्या आहेत. ज्या तरुणाच्या हातात ते दात घुसले आहेत त्याच्याही कपाळावर एक बारीक आठी उमटली आहे, पण तेवढीच. स्त्रियांचे चेहरे तर जवळजवळ शांत आहेत. त्यांचा सारा विरोध हातांत आणि मानेच्या ताणात आहे. वेदना सगळ्यांना आहे, पण तिच्या ताब्यात जायचे की नाही यात फरक आहे. माणूस आणि सेंटॉर यांच्यातली सीमारेषा शिल्पकाराने घोड्याच्या पायांपेक्षा या आठ्यांमध्ये आखली आहे.

या सगळ्या कल्लोळाच्या मध्यभागी एक तरुण ताठ उभा आहे. तो सगळ्यांहून उंच आहे, त्याचे डोके एका बाजूला वळलेले आहे आणि उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे पसरलेला आहे. इ.स.च्या दुसऱ्या शतकात मंदिर पाहून वर्णन लिहून ठेवणाऱ्या पॉसेनियस या प्रवाशाने हा पिरिथोस असल्याचे म्हटले होते. आजचे बहुतेक अभ्यासक तो अपोलो देव मानतात, आणि कारण शिल्पातच सापडते. त्याला कोणी धक्का देत नाही, त्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याच्याशी कोणी बोलत नाही. लढणाऱ्यांना तो दिसतच नाही, फक्त आपल्याला दिसतो. त्याचा हात कोणाला मारत नाही. तो फक्त पसरतो आणि त्या हाताखाली निकाल ठरतो. त्रिकोणाचा उंच मध्य हा देवाचा, ही जुनी सोय इथे विचाराच्या पातळीवर पोहोचली आहे.

आणखी एक तपशील कारागिरीचा. या आकृत्या खालून आणि समोरूनच दिसणार असल्यामुळे त्यांच्या पाठी अर्धवट घडवलेल्या किंवा पोखरलेल्या आहेत. त्यामुळे दगडाचे वजनही कमी झाले. याउलट एजिनाच्या योद्ध्यांच्या पाठी, भिंतीकडे वळून कोणाला कधी दिसणार नव्हत्या तरी, पूर्ण कोरलेल्या आहेत. एक पद्धत बरोबर आणि दुसरी चूक असे नाही, पण दगड देवासाठी कोरायचा की पाहणाऱ्यासाठी, या प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत असे म्हणता येईल.

यानंतर पार्थेनॉन. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवरचे हे अथेनाचे मंदिर इ.स.पू. 447 ते 432 या काळात उभे राहिले. वास्तुकार इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस, आणि शिल्पकामाची सूत्रे फिडियसकडे. त्याच्या दोन्ही पेडिमेंटांवर लढाया नाहीत: पूर्वेला अथेनाचा जन्म आहे आणि पश्चिमेला अथेन्सच्या स्वामित्वासाठी अथेना आणि समुद्रदेव पोसायडन यांची स्पर्धा. लढाया आहेत त्या मेटोपांवर. चारही बाजूंना मिळून 92 मेटोप: पूर्व आणि पश्चिमेला प्रत्येकी 14, उत्तर आणि दक्षिणेला प्रत्येकी 32. मंदिराच्या सगळ्याच मेटोपांवर शिल्पे असणे ही तेव्हा असाधारण गोष्ट होती. ऑलिंपियाच्या मंदिरावर शिल्पांकित मेटोप फक्त 12 होते आणि त्यांवर हेराक्लिसची 12 साहसे होती.

पार्थेनॉनच्या प्रत्येक बाजूला एक लढाई आहे. पूर्वेला, मुख्य प्रवेशाच्या वर, देव आणि दैत्य. हे दैत्य म्हणजे भूमातेचे पुत्र, ज्यांनी देवांच्या सत्तेला आव्हान दिले आणि ज्यांचा पराभव करायला देवांना हेराक्लिस या मर्त्य वीराची मदत घ्यावी लागली. ही लढाई अथेन्सकरांच्या रोजच्या श्रद्धेतली होती, कारण पॅनअथेनिया या सणात देवीला जे वस्त्र अर्पण होई त्यावरही तीच विणलेली असे. पश्चिमेला ॲमेझॉन स्त्रिया आहेत. त्यांनी पुराणकाळी अथेन्सवर स्वारी केली होती आणि थीसियसने ती परतवली होती. उत्तरेला ट्रॉयचा पाडाव. दक्षिणेला पुन्हा लॅपिथ आणि सेंटॉर.

दक्षिणेच्या या मेटोपांपैकी बरेच चांगल्या अवस्थेत उरले आहेत आणि चौरसात लढाई कशी मावते हे त्यांत दिसते. फरशीची बाजू सव्वा मीटरच्या आसपास, आणि आकृत्या पाठीमागच्या दगडापासून इतक्या सुट्या केलेल्या की कित्येक हातपाय हवेतच आहेत. अभ्यासक ज्याला दक्षिण 27 म्हणतात तो मेटोप घ्यावा. पाठीत जखम झालेला सेंटॉर एका बाजूला पळू पाहतो आहे, त्याचा हात पाठीवरच्या जखमेकडे गेला आहे. लॅपिथ तरुणाने त्याला डोक्याशी धरून मागे खेचले आहे आणि दुसरा हात शेवटच्या वारासाठी मागे घेतला आहे. दोघे विरुद्ध दिशांना ओढत आहेत, त्यामुळे मध्ये एक मोठी पोकळी पडली आहे, आणि ती पोकळी लॅपिथच्या खांद्यांवरून मागे पसरलेल्या झग्याच्या खोल चुण्यांनी भरून टाकली आहे. ताणलेल्या धनुष्यासारखी ही रचना चौकटीच्या दोन्ही कडांना भिडते. जरा मोठी असती तर फुटून बाहेर आली असती.

त्याच्या लगेच शेजारचा, 28 क्रमांकाचा मेटोप मात्र उलटी गोष्ट सांगतो. खाली एक लॅपिथ मरून पडला आहे, त्याचा देह सैल झालेला आहे. आणि त्याच्यावरून सेंटॉर उड्या घेत चालला आहे, हातावर श्वापदाचे कातडे फडकते आहे, शेपटी उसळली आहे. विजयाचा एवढा मोकळा आनंद या सगळ्या मालिकेत क्वचितच दिसतो, आणि तो शत्रूला दिलेला आहे. पार्थेनॉनची शिल्पे म्हणजे विजेत्यांची जाहिरात असे म्हणणाऱ्यांनी या फरशीपुढे थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते. कथेत शेवटी लॅपिथ जिंकतात हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. तरीही त्या दिवशी कोण कोण मेले ते शिल्पकाराने लपवले नाही.

आता अर्थाच्या प्रश्नाकडे. इ.स.पू. 480 मध्ये पर्शियाच्या सैन्याने अथेन्स जिंकून ॲक्रोपोलिसवरची मंदिरे जाळली होती. त्याच वर्षी सॅलमिसच्या समुद्रात आणि पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या मैदानात ग्रीकांनी पर्शियाला हरवले. पार्थेनॉन त्या जळलेल्या जागेवर उभे आहे. म्हणून अभ्यासकांनी फार पूर्वीपासून असे मांडले आहे की या चारही लढाया एकाच गोष्टीच्या उपमा आहेत: मर्यादा ओलांडून चालून आलेला उद्दाम शत्रू आणि त्याला आवर घालणारी व्यवस्था. पूर्वेकडून आलेल्या ॲमेझॉन म्हणजे पर्शियन, ट्रॉय म्हणजे आशिया, दारूच्या धुंदीत पाहुणचार मोडणारे सेंटॉर म्हणजे संयम नसलेले परके. सरळ पर्शियन सैनिक न कोरता पुराणातली लढाई कोरण्याने ताज्या विजयाला अनादि काळाची जोड मिळते, हे या मांडणीचे बळ आहे.

ही मांडणी मला पटते, पण ती किल्लीसारखी प्रत्येक कुलपाला लावू नये. देव-दैत्यांची लढाई पर्शियन युद्धांच्या आधीपासून ग्रीक शिल्पांत आहे. डेल्फी येथे सिफनोस बेटाच्या लोकांनी इ.स.पू. 525च्या सुमारास बांधलेल्या कोषगृहाच्या फ्रीझवर ती आहे. रथाला जुंपलेले सिंह एका दैत्याला फाडत आहेत आणि दैत्य चिलखते आणि ढाली घेतलेल्या ग्रीक सैनिकांसारखेच दिसतात. अथेन्सच्याच ॲक्रोपोलिसवर, पर्शियनांनी नष्ट केलेल्या जुन्या मंदिराच्या पेडिमेंटमध्ये, दैत्यावर झेपावणारी अथेना होती; ती आज तिथल्या संग्रहालयात आहे. विषय जुना होता. 480 नंतर त्याच्यात नवा अर्थ भरला, असे म्हणणे अधिक नेमके होईल. शिवाय अथेन्सकरांना खऱ्या युद्धाचे वावडे होते असेही नाही. त्याच टेकडीवरच्या अथेना नायकी या लहानशा मंदिराच्या फ्रीझवर ग्रीक आणि पर्शियन प्रत्यक्ष लढताना दिसतात. असे थेट ऐतिहासिक चित्रण मंदिरावर मात्र विरळाच.

सलग पट्ट्यावरची लढाई पाहायची तर पेलोपोनीजच्या डोंगरांतल्या बासाय येथील अपोलोच्या मंदिराकडे जावे लागते. इथला सुमारे 31 मीटरचा फ्रीझ मंदिराच्या बाहेर नव्हता, आतल्या दालनाच्या चारही भिंतींवर वर फिरत होता; त्याचे 23 शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यावर ॲमेझॉन आणि सेंटॉर या दोन्ही लढाया आहेत. त्यात कायनेयसचा प्रसंग आवर्जून पाहावा. तो मूळची स्त्री. पोसायडनने तिला तिच्याच मागणीवरून पुरुष केले आणि कोणत्याही शस्त्राने जखम होणार नाही असा वर दिला. मग सेंटॉरांनी काय करावे? दोन सेंटॉर दोन बाजूंनी एक प्रचंड दगड त्याच्यावर दाबत आहेत आणि तो कमरेपर्यंत जमिनीत गाडला गेला आहे, तरी ढाल वर धरून आहे. अभंग देहाचा हा एकच उपाय होता, आणि फ्रीझच्या बुटक्या उंचीत अर्धा गाडलेला माणूस अगदी नेमका बसतो.

संग्रहालयात ही शिल्पे पाहताना दोन गोष्टी मनाने परत जोडाव्या लागतात. एक म्हणजे रंग. पांढरा संगमरवर ही आपली सवय आहे, ग्रीकांची नव्हती. मागची भिंत, कपडे, केस, डोळे, ढाली रंगवलेल्या असत. एजिनाच्या पश्चिम पेडिमेंटवरच्या तिरंदाजाच्या घट्ट बसणाऱ्या पोशाखावर चौकटींची रंगीत नक्षी होती, आणि दगडावर उरलेल्या खुणांवरून तिची जी प्रतिकृती म्युनिकमध्ये तयार झाली ती पाहून पुष्कळांना धक्का बसतो. दुसरी गोष्ट धातू. भाले, तलवारी, बाण, घोड्यांचे लगाम धातूचे असत आणि ते बसवण्याची भोके अजून दिसतात. रिकाम्या मुठीने वार करणारा वीर दिसला की त्या मुठीत शस्त्र होते हे ध्यानात घ्यावे.

पार्थेनॉनच्या 92 मेटोपांपैकी पूर्व, पश्चिम आणि उत्तरेकडचे बहुतेक सगळे मंदिराचे चर्च झाल्यावर हातोड्यांनी छिलून टाकले गेले. उत्तरेच्या अगदी टोकाचा एक मात्र वाचला. त्यातल्या दोन स्त्री-आकृती, एक बसलेली आणि एक समोर उभी, मेरीला देवदूताने दिलेल्या शुभवार्तेसारख्या दिसल्या असाव्यात, असे त्याचे कारण सांगितले जाते. दक्षिणेकडचे मेटोप त्या वेळी वाचले. पण 1687च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या सैन्याने टेकडीला वेढा घातला असताना एक तोफगोळा मंदिरात साठवलेल्या ऑटोमन दारूगोळ्यावर पडला आणि इमारतीचा मधला भाग उडाला. दक्षिण बाजूच्या मध्यावरचे कित्येक मेटोप तेव्हा नाहीसे झाले. ते कसे होते हे आपल्याला फक्त 1674 मध्ये एका फ्रेंच राजदूतासाठी काढलेल्या रेखाचित्रांमुळे ठाऊक आहे, आणि त्यांतल्या काहींवर सेंटॉर अजिबात नाहीत. लढाईच्या मध्यभागी दुसरीच कोणती तरी कथा होती. ती कोणती, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

उरलेल्यांपैकी 15 मेटोप, ऑटोमन दरबारातला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढून नेलेल्या शिल्पांसह 1816 मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतले. एक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ती शिल्पे अथेन्सला परत मिळावीत ही ग्रीसची मागणी आजही कायम आहे, आणि 2009 मध्ये उघडलेल्या ॲक्रोपोलिस म्युझियममध्ये मूळ फरशांच्या जोडीला, बाहेर गेलेल्यांच्या जागी पांढऱ्या प्लॅस्टरचे साचे लावलेले दिसतात. दक्षिण बाजूच्या चौथ्या मेटोपवर एक सेंटॉर मोठा जलकुंभ उचलून खाली पडलेल्या लॅपिथच्या डोक्यात घालतो आहे. लग्नाच्या मांडवात हाताला लागले तेच त्याचे शस्त्र झाले आहे. ही फरशी लंडनमध्ये आहे. त्या दोघांची डोकी मात्र स्फोटानंतर एका अधिकाऱ्याबरोबर डेन्मार्कला गेली आणि ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.